पिकअपवरून बारा चाकीवर : सोमवारी बिजासन घाट चढू का?

पत्र चोपडा तालुक्यातून आलं आहे. थोडं कापून देतो :

“वय सव्वीस. पाच वर्षं पिकअप चालवली. केळी, भाजीपाला, हंगामात सरकी. हेवीचं लायसन्स मागल्या वर्षी काढलं, ते ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या सहा चाकीवर. आता शेठनं सेकंडहँड बारा चाकी घेतली आणि चावी माझ्या हातात दिली. नऊ गिअरची गाडी, त्यात हाय-लो. चौथ्यातून पाचव्यात जाताना दरवेळी कर्रर्र होतं. कधी पाचवा टाकायला जातो आणि तिसरा पडतो. लोडिंगच्या जागी बाकीचे ड्रायव्हर ‘आला पिकअपवाला’ म्हणून हसतात. गल्लीतले एक जुने उस्ताद सांगतात, डबल क्लच मारल्याशिवाय ट्रकला हात लावू नको. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात, नव्या गाडीला डबल क्लच लागतच नाही. सोमवारी केळी भरून इंदूरला जायचंय, शिरपूर-सेंधवा मार्गे. शेठ म्हणतो, क्लच प्लेट गेली तर पगारातून कापेन. मला हे जमेल का? आणि सोमवारी जाऊ का?”

भाऊ, वयानं तू माझ्या मुलाएवढा, म्हणून अरेतुरे करतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. सोमवारी एकट्यानं जाऊ नकोस. सोबत या गाडीचा किंवा अशाच गाडीचा हात बसलेला ड्रायव्हर असेल तर जा, आणि वाटेतला बिजासन घाट त्याला चालवू दे. तो नसेल तर शेठला नाही म्हण. कसं म्हणायचं ते पुढे लिहितो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘जमेल’ एवढंच आहे. पाच वर्षं पिकअप चालवणाऱ्याला रस्ता कळतो, आरसा कळतो, माल कळतो. राहिला गिअरबॉक्स.

तुझं कर्रर्र कुठून येतं ते बघू. पिकअपचं इंजिन हलकं. ॲक्सिलरेटर सोडला की आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, झटकन खाली येतात. गिअरबॉक्समधले शाफ्टही हलके, त्यांचा वेग जुळवून देणारी जी सिंक्रोची रिंग असते तिला काही कष्ट पडत नाहीत. म्हणून एका झटक्यात तिसऱ्याचा चौथा होतो आणि हाताला तीच सवय लागते. ट्रकमध्ये सगळंच जड असतं. क्लच दाबल्यावरही बॉक्समधली दातेरी चाकं बराच वेळ जोरात फिरत राहतात. त्यांचा वेग पुढच्या गिअरच्या वेगाला येईपर्यंत रिंगला घासत राहावं लागतं, आणि त्याला क्षणभर वेळ हवा. तू तो देत नाहीस, वरून मनगटाचा जोर लावतोस.

तेव्हा वरचा गिअर टाकताना क्लच पूर्ण दाब, लिव्हर न्यूट्रलला आण, तिथे अर्धा श्वास थांब, मग पुढच्या गिअरच्या तोंडाशी नेऊन हलका दाब दे. दोन बोटांचा दाब पुरतो. वेग जुळला की लिव्हर आपोआप आत ओढल्यासारखी जाते. ती जात नसेल तर अजून वेळ आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडचे जुने किन्नर, म्हणजे गाडीवरचे क्लीनर, मागून ओरडायचे ना, “दम खाय भो, दम खाय!”, ते याच अर्ध्या श्वासाबद्दल.

हा दम मात्र कायम सारखा नसतो, आणि नवा माणूस इथेच गोंधळतो. रिकाम्या गाडीत, सपाटीला गाडीचा वेग टिकून राहतो, तेव्हा जरा जास्त थांबलास तरी बिघडत नाही. भरलेली गाडी चढावर असली की क्लच दाबल्याबरोबर गाडीचाच वेग पडायला लागतो. तिथे सपाटीसारखा निवांत थांबलास तर पुढचा गिअर पडेपर्यंत गाडी त्या गिअरच्या लायकीची राहत नाही, इंजिन गुरगुरतं आणि परत खाली यावं लागतं. चढावर हात लवकर चालवायचा, पण जोरात नाही. हा फरक सांगून कळत नाही. आधी रिकाम्या गाडीवर आणि मग भरलेल्या गाडीवर तो कानाला ऐकावा लागतो. म्हणून तर सोमवारला माझा विरोध आहे.

आता आरपीएमचा काटा. पिकअपमध्ये तू तो कधी बघितला नसशील. या गाडीत पहिले काही आठवडे रस्त्याच्या खालोखाल त्याच्याकडे लक्ष दे. डॅशबोर्डवर हिरवा पट्टा असतो, आजच्या बहुतेक इंजिनांत साधारण हजार-अकराशेपासून सोळा-सतराशेपर्यंत. नऊ गिअरच्या बॉक्समध्ये एका गिअरचं आणि पुढच्या गिअरचं अंतर असं असतं की सोळाशेला वरचा गिअर टाकलास तर क्लच सोडल्यावर काटा बाराशेच्या आसपास बसतो. म्हणजे तुला जो दम खायचा तो काटा सोळाशेवरून बाराशेला येईपर्यंतचा. उलट, बाराशेला खालचा गिअर टाकलास की इंजिनला सोळाशेवर जावं लागतं. हा चारशेचा हिशेब डोक्यात बसला की बरीचशी भीती जाते. तुझ्या गाडीचा नेमका आकडा थोडा इकडेतिकडे असेल, तो सपाट रस्त्यावर एकदा बघून ठेव.

त्यातच उस्ताद आणि व्हिडिओ यांच्या भांडणाचं उत्तर आहे. उस्ताद ज्या गाड्यांवर शिकले त्यांच्या बॉक्समध्ये सिंक्रो नव्हता. तिथे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनचा वेग जुळवणं, परत क्लच दाबून गिअर, हे केल्याशिवाय गिअर पडतच नसे. वेग जुळवायचं काम ड्रायव्हरचं होतं. तुझ्या बॉक्समध्ये ते काम रिंग करते, म्हणून वर जाताना डबल क्लचची गरज नाही. मारलास तर बिघडत काही नाही, वेळ जातो एवढंच. खाली येताना मात्र, विशेषतः घाटात किंवा पहाटे तेल थंड असताना, न्यूट्रलला क्लच सोडून थोडी रेस देऊन मग खालचा गिअर टाकलास तर रिंगचं अर्धं काम तू केलंस. रिंगचं आयुष्य वाढतं आणि गिअर लोण्यासारखा पडतो. म्हणजे व्हिडिओवाले बरोबर आहेत, पण सेंधव्याच्या चढाला मी उस्तादांच्या बाजूनं उभा राहीन. त्यांच्याकडे जा, चहा पाज, एक दिवस शेजारी बसव. असा माणूस गल्लीत असणं हे तुझं नशीब आहे.

पाचव्याचा तिसरा का पडतो, ते आता. लो रेंजमध्ये पहिला ते चौथा, हाय रेंजमध्ये पाचवा ते आठवा, आणि या सगळ्यांखाली क्रॉलर, म्हणजे सगळ्यात हळू आणि ताकदीचा गिअर, असे तुझे नऊ. रेंज बदलायची पद्धत गाडीगाडीला वेगळी असते. काहींच्या नॉबवर खटका असतो. तो आधी फिरवून ठेवायचा, आणि लिव्हर न्यूट्रलमधून जाताना आतली रेंज बदलते. काहींना खटका नसतो. न्यूट्रलमध्ये लिव्हर आडवी उजवीकडे ढकलायची, एक अडथळा लागतो, तो ओलांडला की हाय रेंज. तुझ्या पत्रावरून तुझी गाडी या दुसऱ्या जातीची वाटते, कारण पाचव्याच्या जागी तिसरा पडणं ही तिथली नेहमीची चूक आहे. हात अडथळ्याच्या अलीकडेच थांबतो आणि लिव्हर लो रेंजच्या तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत राहते. तळव्यानं लिव्हर उजवीकडे ठामपणे ढकल, हवेचा बारीक फुस्स आवाज ऐक, मग पाचवा. आवाजाआधी गिअर घुसवायला गेलास की कर्रर्र ठरलेला.

रेंज हवेवर चालते, हेही ध्यानात ठेव. सकाळी गाडी सुरू केल्याकेल्या हवेचा काटा वर यायच्या आत निघालास तर रेंज बदलणार नाही, आणि तू लिव्हरला दोष देत बसशील. टाक्या भरेपर्यंत टायर ठोकून बघ, ताडपत्री-दोरी तपास. तशीही हवा नसेल तर ब्रेक नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नको : वेगात असताना हायमधून लोमध्ये. साठच्या वेगाला सातव्याऐवजी चुकून तिसरा पडला तर चाकं इंजिनला त्याच्या हद्दीबाहेर फिरवतात. क्लच प्लेट फुटते, व्हॉल्व वाकतात, मागचा टायर लॉक होऊन गाडी आडवी होऊ शकते. गिअर कुठे पडलाय याची खात्री नसेल तर क्लच झटक्यात सोडू नको. सावकाश सोड. इंजिनचा आवाज भलतंच चढताना ऐकू आला तर परत दाब.

हा सगळा नकाशा गाडी बंद ठेवून पाठ होतो. रात्री जेवण झालं की केबिनमध्ये बस, क्लच दाब, डोळे मीट आणि एक ते आठ वर, आठ ते एक खाली हात फिरव. रेंज खरी बदलणार नाही, पण खांद्याला रस्ता कळतो. किन्नरला आकडे बोलायला सांग : सहा, चार, सात, पाच. ज्या दिवशी त्याचा आकडा ऐकून हात थेट जागेवर जाईल, त्या दिवशी डोळे रस्त्यावर ठेवायला मोकळे झाले. क्रॉलर आणि रिव्हर्स बहुतेक गाड्यांत एकाच रांगेत समोरासमोर असतात आणि त्यांना बहुधा सिंक्रो नसतो. गाडी पूर्ण उभी राहू दे, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांब, मग टाक. तरी अडला तर न्यूट्रलला क्लच एकदा सोडून परत दाब, दातांची जागा बदलते.

निघायचं कुठल्या गिअरनं? रिकामी आणि सपाट असेल तर दुसरा. भरलेली असेल तर पहिला. शेतातून किंवा जिनिंगच्या आवारातून काळ्या मातीत निघायचं असेल, किंवा भरल्या गाडीनं चढावर थांबलास, तर क्रॉलर. त्याची लाज वाटून घेऊ नको. भरली गाडी दुसऱ्यात उठवणारे ड्रायव्हर ऐटीत दिसतात, आणि त्यांच्या क्लचचा जळका वास मागच्या गाडीला येतो. तुझ्या शेठला प्लेटची काळजी आहे ना? प्लेट गिअर बदलताना फारशी जळत नाही. ती जळते निघताना आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवताना. चढावर थांबलास की हँडब्रेक. निघताना क्रॉलर टाक, क्लच हळू सोड, गाडीचं तोंड जरा दबलं की हँडब्रेक काढ. एकदा चाक फिरलं की पाय क्लचवरून उचलून शेजारी जमिनीवर ठेव. पिकअपमध्ये तो क्लचवर टेकवून बसायची सवय असेल तर ती इथे रिलीज बेअरिंग खाते. गिअरच्या लिव्हरवर हात टेकवून चालवायची सवयही सोड, आतला फोर्क झिजतो.

आता बिजासन. जाताना चढ आहे, येताना उतार. तुला चढाची भीती वाटते आहे, मला उताराची. चढावर गिअर चुकला तर काय होतं? गाडी थांबते. ब्रेक दाब, हँडब्रेक ओढ, इंडिकेटर दे, क्रॉलर टाक आणि निघ. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू दे. चढ समोर दिसला की घाटाच्या तोंडालाच गिअर उतरव, काटा अकराशेला पडायची वाट बघू नको. भरल्या गाडीला तीव्र चढावर एकेक गिअर खाली करत बसलास तर प्रत्येक वेळी वेग आणखी पडलेला असतो. सरळ दोन गिअर एकदम उतरवलेले बरे.

परतीला मात्र इंदुराकडून पेंड नाहीतर दुसरा माल भरून तू सेंधव्याकडून पळासनेरच्या दिशेनं उतरशील. जुलै 2023 मध्ये याच रस्त्यावर पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. आपल्या भागातल्या कुणाला हे सांगावं लागत नाही. उताराचा नियम असा की ज्या गिअरनं भरली गाडी तो घाट चढली असती त्याच गिअरनं, नाहीतर त्याच्या एक खालच्या गिअरनं उतरायचं. तो गिअर वर, सपाटीलाच टाकायचा. उतारावर गाडी वेगात आल्यावर खालचा गिअर टाकायला गेलास आणि तो पडला नाही, तर तू न्यूट्रलमध्ये आहेस, मागे माल ढकलतोय आणि हातात फक्त ब्रेक आहे. असं झालंच तर हवा शिल्लक आहे तोवर ठाम ब्रेक मारून वेग पाड, थोडी रेस देऊन त्या वेगाचा गिअर टाक. लिव्हरशी झटापट करत गाडी सोडू नको.

एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक, घाटाच्या तोंडापासून चालू ठेव. तो इंजिन जरा वरच्या आरपीएमला असताना जास्त धरतो, म्हणून उताराला काटा हिरव्याच्या वर गेला तरी चालेल, लाल पट्ट्यात जाऊ देऊ नको. पायाचा ब्रेक सतत टेकवून ठेवलास तर ब्रेकचे लायनर तापतात आणि मग पाय तळाला गेला तरी गाडी थांबत नाही. वेग वाढला की एकदा नीट दाबून कमी कर आणि पाय काढून घे. सारखं पंप करू नको, हवा संपते.

आणि न्यूट्रल. उताराला फ्री सोडून डिझेल वाचतं हे तुला शेठही सांगेल आणि हसणारे दोस्तही. जुन्या पंपाच्या गाड्यांतही ते धोक्याचंच होतं. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात तर हिशेबही उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन डिझेल बंदच करतं, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. शेठला ही गोष्ट त्याच्याच भाषेत सांग.

सराव कुठे करशील? रविवारी एमआयडीसीचे रस्ते मोकळे असतात, जळगावचे किंवा धुळ्याच्या अवधानचे. तिथे रिकामी गाडी घेऊन चौथा-पाचवा-चौथा एवढंच करत राहा. मग अर्धा लोड घेऊन महामार्गावर. मग धुळ्याजवळ लळिंगचा घाट, तो छोटा आहे, चढउतार दोन्ही मिळतात. त्यानंतर साक्री-नवापूर रस्त्यावरची कोंडाईबारी. बिजासन त्याच्या नंतर. चाळीसगाव-कन्नडच्या औट्रम घाटाचं नाव कुणी काढलं तर लक्षात असू दे, तिथे 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं जड वाहनांना बंदी आली आहे.

शेठशी बोलताना ‘मला भीती वाटते’ असं म्हणू नकोस, तो ऐकणार नाही. असं म्हण : “शेठ, गाडी नवी आहे माझ्या हाताला. दोन-चार दिवस रिकामी आणि जवळचा माल द्या. इंदूरच्या पहिल्या खेपेला सोबत जाणता ड्रायव्हर द्या. त्याची मजुरी एका क्लच प्लेटपेक्षा स्वस्त पडेल.” हे त्याला कळेल. केळीचा माल थांबत नाही हे खरं. पण घाटात आडवी झालेली केळी तर व्यापारीही उचलत नाही. आणि भरताना काट्यावर वजन बघून घे. जादा मालाचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि जादा टनागणिक दोन हजार वर, पण त्याहून वाईट म्हणजे शिकाऊ हाताखाली ओव्हरलोड गाडी घाट उतरते. तेवढ्यासाठी शेठशी वाद झाला तरी चालेल.

पगारातून कापायचं म्हणशील तर, मालकाला नुकसान कापायचं असेल तर तुझा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि तुझं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सेकंडहँड गाडीची प्लेट आधीच किती झिजलीय हे कुणाला माहीत? ताब्यात घेतानाच मिस्त्रीकडून क्लच तपासून घे, तो काय म्हणाला ते शेठच्या समोर बोलून घे. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं तेही विचार. तेल कमी किंवा जळलेलं असेल, किंवा क्लच पूर्ण सुटत नसेल, तर तू कितीही दम खा, कर्रर्र होणारच. अर्धा दोष गाडीचा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

हसणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नको. त्यातल्याच एकाला, जरा बऱ्या स्वभावाचा बघून, बाजूला घे आणि विचार, “दादा, चौथ्यातून पाचवा तुम्ही कसा टाकता, एकदा दाखवा ना.” खान्देशी माणूस हसेल, चार शब्द ऐकवेल, आणि केबिनमध्ये चढून दाखवेल.

लायसन्सवर मालवाहू जड वाहनाची नोंद झाली आहे ना, की अजून फक्त हलक्याचीच आहे, हे निघण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी वाच. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं हलकं लायसन्स चालतं, सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्येही तेच कायम केलं आहे. त्याच्या जोरावर पिकअप चालवणारे बरेच जण बारा चाकीवरही तसेच बसतात. काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.